माणसांना ग्रेड देणारे शेठ

आमच्या शेठकडून बोल्ट विकत घेणं हे एखाद्याच्या घरी मुलगी मागायला जाण्यापेक्षा अवघड होतं. हे मी ऐकीव सांगत नाही. दोन्ही प्रकार माझ्या डोळ्यांसमोर झाले आहेत, आणि दुसऱ्या प्रकारातली मुलगी मीच होते.

दुकान चाकणला, तळेगावच्या रस्त्यावर. जमिनीपासून छतापर्यंत नुसती खोकी, आणि प्रत्येक खोक्याच्या तोंडाला आतल्या मालाचा एक नमुना तारेनं बांधलेला. मी काउंटरवर बसून बिलं करायची. गिऱ्हाईक यायचं ते घाईतच यायचं, कारण चाकणमध्ये घाईत नसलेला माणूस एकतर रजेवर असतो नाहीतर संपावर. गाडी चालूच ठेवून तो दारातून ओरडायचा, "शेठ, बारा एमएमचे बोल्ट द्या राव, पटकन!"

शेठ कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे, त्या माणसाकडे नीट बघून घ्यायचे आणि विचारायचे, "कशाला पायजे?"

"बोल्ट पाहिजेत."

"ते कळलं. कशाला पायजे?"

इथून पुढे चौकशी सुरू. बोल्ट कुठे लावणार? तिथे थरथर आहे का नुसतं वजन आहे? पावसात भिजणार का? वरचेवर उघडावा लागणार का? आणि शेवटचा प्रश्न ठरलेला, "आवळनार कोन?" एकदा एकानं सांगितलं, हेल्पर आवळेल. शेठ म्हणाले, "हेल्परचा हात कसा हाय?" त्या माणसानं बाहेर जाऊन गाडी बंद केली, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "शेठ, चहा तरी सांगा मग." शेठनी लगेच सांगितला. चौकशी लांबली की चहा येत असे, आणि चौकशी लांबली नाही असं क्वचित घडे.

नव्या माणसाला हे सगळं विचित्र वाटायचं, म्हणून थोडं सांगते. बोल्टच्या डोक्यावर आकडा छापलेला असतो, तो त्याचा ग्रेड. चार पॉइंट सहा म्हणजे मऊ. आठ पॉइंट आठ म्हणजे रोजच्या कामाचा भरवशाचा गडी. दहा पॉइंट नऊ त्याच्याहून तगडा आणि बारा पॉइंट नऊ म्हणजे एकदम कडक. शेठ मधला पॉइंट गिळून टाकायचे. चार-सहा, आठ-आठ, बारा-नऊ. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असं सगळं जग समजून चालतं. "शेठ, सगळ्यात मजबूत असेल तो द्या" असं कोणी म्हणालं की शेठच्या चेहऱ्यावर अशी कळा यायची, जणू त्यांच्या घरातलंच कोणी आजारी पडलं आहे.

"मजबूत न्हाई, योग्य," ते म्हणायचे. "मऊ बोल्ट सांगून जातो बरं का. आदी ताणतो, मग वाकतो, कुरकुर करतो, तुमाला येळ देतो. कडक बोल्ट शेवटपत्तूर तोंडातनं ब्र काढत न्हाई, आन् मग येकदम राम म्हनतो. मग बसा शोधत!"

हे नुसतं तोंडानं सांगून त्यांचं भागत नसे. एका कंपनीचे खरेदीवाले साहेब एकदा हट्टालाच पेटले. त्यांना शेडच्या सगळ्या कामाला बारा-नऊच पाहिजे होते. त्यांच्या मते जास्त ताकद म्हणजे कमी काळजी. शेठ उठले. दुकानाच्या मागे एक शिकंजा होता, त्यात त्यांनी आधी एक चार-सहा पकडला आणि पाना लावून पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला. लोंबकळले. बोल्ट मुकाट्यानं वाकला. "बगा, कसा नमस्कार केला," शेठ म्हणाले. मग बारा-नऊ पकडला. लोंबकळले. काही होईना. साहेब मिशीतल्या मिशीत हसायला लागले. शेठनी पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि सगळं अंग पाइपवर टाकलं. खाडकन आवाज झाला. शेठ खाली बसले होते, पाइप त्यांच्या मांडीवर होता आणि बोल्टचं डोकं दिसत नव्हतं. ते शेजारच्या चहावाल्याच्या किटलीपलीकडे सापडलं. किटलीला आरपार भोक पडलं होतं आणि चहा दोन्ही बाजूंनी वाहत होता. चहावाला शिव्या देत आत आला, तर शेठ जमिनीवरूनच त्याला बोट दाखवून साहेबांना म्हणाले, "ह्ये बगा. ह्यो पन बारा-नऊच हाय."

साहेबांनी आठ-आठ नेले. किटली शेठनी नवी आणून दिली.

सगळं ज्ञान बिनचूक होतं असं मात्र कोणी समजू नये. बोल्ट फरशीवर टाकून नुसत्या आवाजावरून आपण ग्रेड ओळखतो, असा त्यांचा दावा होता. डोळे मिटायचे, बोल्ट हातातून सोडायचे, टण्ण झालं की मान डोलवायचे. "आठ-आठ." दुपारचा डबा घेऊन आलेल्या काकी, म्हणजे त्यांची बायको, वाकून बोल्ट उचलायच्या आणि वाचायच्या, "दहा-नऊ." शेठ डोळे न उघडता म्हणायचे, "फरशी वली हाय." उन्हाळ्यातसुद्धा त्यांची फरशी ओली असायची. काकी कुरुळीच्या, शेठही कुरुळीचेच, दोघांची घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथली. काकींनी शाळा अर्धी सोडली होती, पण बोल्टवरचे आकडे त्या शेठच्या आधी वाचायच्या, कारण त्यांना चष्मा लागत नव्हता.

दुकानाबाहेरही हा माणूस बोल्टांपासून मोकळा नव्हता. पुतणीनं वाकडला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. पाहुणे खिडकीतून खालचा हायवे बघत होते आणि यजमान शेठना शोधत होते. शेठ बाल्कनीत पोटावर झोपून कठड्याच्या बुडाशी नाक लावून पडले होते. भटजींनी हाक मारली तर म्हणाले, "जरा थांबा, मंत्र चालू ऱ्हाऊ द्या, हितं वॉशर न्हाई." बिल्डरच्या माणसाला फोन लावून वॉशर बसवून घेतल्याशिवाय ते जेवायला बसले नाहीत. पुतणीची सासू त्या दिवशी भलतीच घुश्शात होती, पण तीही नंतर बाल्कनीत पाऊल टाकताना आधी खाली वाकून बघायला लागली, असं कानावर आलं.

आणि त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ते माणसांनाही ग्रेड द्यायचे. रस्त्यावरच्या प्रत्येकाला त्यांच्याकडे एक आकडा होता. वीज मंडळाचा वायरमन आठ-आठ. चौकातला वाहतूक हवालदार सकाळी आठ-आठ, संध्याकाळी चार-सहा. पुढाऱ्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "ग्रेड दिसत न्हाई, पर पॉलिश लई झ्याक असतंय." एकदा दिलेला ग्रेड त्यांनी कधी मागे घेतला नाही. पोलाद बदलत नाही, मग माणूस कसा बदलेल, असं त्यांचं म्हणणं.

मला पहिल्याच दिवशी मिळाला. एका ट्रान्सपोर्टवाल्यानं माल भलत्याच दारात उतरवला आणि वर माझ्यावरच आवाज चढवला. मी त्याला जे काही सुनावलं ते ऐकून तो माल परत ट्रकमध्ये भरून आमच्या दारात आला. शेठ म्हणाले, "पोरी, तू बारा-नऊ." मी घरी जाऊन आईला मोठ्या अभिमानानं सांगितलं. ते कौतुक नव्हतं, हे कळायला मला किटली फुटेपर्यंत थांबावं लागलं.

आता त्या दुसऱ्या प्रकाराकडे येते.

तो एका कंपनीत क्वालिटीला इंजिनियर होता. गाव चिपळूणकडचं, राहायला चिंचवडला, डोळे शांत आणि केस कायम हेल्मेटनं चेपलेले. पहिल्यांदा आला तो मशीनच्या पत्र्याच्या झाकणाला बारा-नऊ मागायला.

"पत्र्याच्या झाकनाला बारा-नऊ?" शेठ ओरडलेच. "मुंगीला साखळदंड घालतो का रं?"

बाकीची इंजिनियर मंडळी अशा वेळी ड्रॉइंग काढून दाखवायची, भांडायची. हा हसला. "बरं शेठ. तुम्ही म्हणाल तो द्या." शेठनी चार-सहा दिले. पोरगा निघून गेला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. एक वॉशर पाहिजे म्हणाला. एकच. शेठनी नेहमीची चौकशी केली, त्यानं सगळी उत्तरं दिली आणि उत्तर देताना तो माझ्याकडे बघत होता. मग एक नट न्यायला आला. मग तो नट बदलायला आला.

"इंजिनियर, तुमच्या कंपनीत ष्टोर न्हाई का?" शेठनी एकदा न राहवून विचारलं.

"आहे की."

"मग?"

"लांब पडतं," तो म्हणाला. कंपनीतलं स्टोअर कंपनीत होतं आणि आमचं दुकान तिथून चार सिग्नल पलीकडे. तो गेल्यावर शेठ हळहळले. "पोरगं चांगलं हाय, पर नियोजन न्हाई. येकदम डबा भरून नेला तर वरीसभर याया नको."

काकी डबा उघडत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यो वॉशरसाठी येत न्हाई."

"मग कशासाटी? नटासाटी?"

काकींनी माझ्याकडे बघितलं, मी बिलबुकाकडे बघितलं आणि शेठनी भाकरी मोडली.

मला तो फार आवडला होता. खोटं कशाला बोलू. सुट्टीच्या दिवशी आम्ही देहूला इंद्रायणीच्या काठी जाऊन बसायचो आणि तो मला त्याच्या कंपनीतल्या गमती सांगायचा. चिडणं त्याला ठाऊकच नव्हतं. मी दोघांच्या वाटचं चिडून घ्यायची आणि तो चण्यांची पुडी पुढे करायचा.

पण आमचं घर बीडकडचं. बाबा कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला कामाला, आम्ही कुरुळीत दोन खोल्यांत राहायचो, आणि बाबांनी माझ्यासाठी अंबाजोगाईचा एक मुलगा जवळजवळ पक्का करून ठेवलेला. मी आईला सांगितलं. आईनं बाबांना सांगितलं. बाबा तसेच शिफ्टला निघून गेले. मग घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले, "शेठला इचारू. जो मानूस बोल्ट देताना येवढा इचार करतो, तो पोरीच्या बाबतीत चुकायचा नाही. शेठ हो म्हनले तर हो. नाही म्हनले तर अंबाजोगाईवाल्यांना शब्द देऊन टाकतो. मंग रडायचं नाही."

झालं! माझ्या सगळ्या जन्माचा निकाल एका अशा माणसाच्या हातात गेला, ज्याची फरशी भर उन्हाळ्यात ओली असायची. त्या रात्री मला झोप आली नाही हे वेगळं सांगायला नको.

शेठना बाबांनी दुकानात येऊन विचारलं तेव्हा ते आधी दचकले, मग काकींकडे बघून "तू सांगितलं न्हाईस व्हय?" म्हणाले आणि मग त्यांच्यावर अशी जबाबदारी उतरली की ते दिवसभर गिऱ्हाइकाला 'कशाला पायजे' विचारायचं विसरले. संध्याकाळी तो आला. शेठ त्याला म्हणाले, "वाक." तो वाकला. शेठनी चष्मा लावून त्याच्या डोक्यावर नीट बघितलं, केस बाजूला सारून बघितलं.

"छापलेलं न्हाई," ते गंभीरपणे म्हणाले. "लोड द्यावा लागंल."

येत्या रविवारी त्याला शेठच्या घरी बोलावलं. मी काकींच्या मदतीला म्हणून आधीच जाऊन स्वयंपाकघरात बसले होते. शेठ त्याला चौकातून स्वतःच्या स्कूटरवर घेऊन आले. शेठची स्कूटर म्हणजे आधी हॉर्न, मग देव आणि सगळ्यात शेवटी ब्रेक. कंटेनरांच्या मधून ती आली तेव्हा पोराचा रंग उतरला होता. शेठनी विचारलं, "माघारी पन ह्याच्यावरच सोडू ना?"

"चालेल," तो म्हणाला.

मग जेवण. काकींनी मटणाचा रस्सा केला होता आणि ठेचा वाटला होता, आणि शेठनी मुद्दाम सांगून ठेवलं होतं की पोराच्या ताटात ठेचा चमच्यानं न वाढता वाटीनं वाढायचा. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, नाक वाहत होतं. "आनखी?" शेठ विचारत होते. "चालेल," तो सांगत होता. जेवण झाल्यावर शेठनी पडवीत एक पोतं आणून ओतलं. सगळ्या मापांचे, सगळ्या ग्रेडचे बोल्ट एकत्र. "निवड," म्हणाले. त्यानं मांडी घालून नीट ढीग लावले. शेठ आले, कौतुकानं मान हलवली, आणि सगळे ढीग पायानं एकत्र करून टाकले. "चुकून झालं. पुन्यांदा लावतो का?"

"चालेल."

स्वयंपाकघरात माझा जीव नुसता उकळत होता. "अरे, कुठेतरी नाही म्हण की!" मी दाराआडून दात खाऊन म्हणत होते. काकी तोंडात पदर कोंबून हसत होत्या. शेवटी शेठनी त्याच्या कंपनीला नावं ठेवली, त्याच्या कॉलेजला नावं ठेवली, चिपळूणच्या आंब्यापेक्षा आमच्याकडची करवंदं बरी असंही म्हणून झालं. कोकणातल्या माणसाला आंब्यावरून बोललं तर सख्खा भाऊसुद्धा उठून जातो. हा म्हणाला, "तुम्हाला करवंदं आवडत असतील शेठ."

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोनवर झाप झाप झापलं. तो म्हणाला, "अगं, तुझ्यासाठी सगळं चालेल." मी विरघळले, पण राग काही गेला नाही. शेठचा चेहरा मी बघितला होता. त्यावर काही चांगलं लिहिलेलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी आमच्या खोलीत बाबा, आई, शेठ, काकी आणि तो, सगळे दाटीवाटीनं बसले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी.

शेठनी घसा साफ केला. "पोरगा चार-सहा हाय."

बाबांचा चेहरा पडला. चार आणि सहा हे आकडे त्यांना कुठल्याच हिशोबानं चांगले वाटेनात. "म्हंजी नापास?"

"ऐका तर. मऊ हाय म्हंजी वाईट न्हाई. वाकंल पर तुटायचा न्हाई. आन् तुमची पोरगी बारा-नऊ. दोगं कडक असती तर मी सपष्ट न्हाई म्हनलं असतं. पर ही बोल्ट आन् ह्यो नट. ती कडक, ह्यो मऊ. झ्याक बसतंय. माजं व्हय हाय. देऊन टाका."

आईनं देवाला हात जोडले. बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी सगळ्यांच्या हातात कप दिले. सगळं झालं होतं. आता फक्त चहा प्यायचा होता. आणि इतके दिवस 'चालेल' शिवाय दुसरा शब्द न उच्चारलेला तो गाढव मान वर करून म्हणाला, "शेठ, हे चुकीचं आहे."

"काय चुकीचं?" शेठ म्हणाले.

"बारा-नऊच्या बोल्टला त्याच्या तोडीचाच नट लागतो. मऊ नट लावला तर आवळताना नटाचे आटे जातात. तुम्हीच गिऱ्हाइकाला कधी असा जोड देत नाही. नुसतं फिरत राहील ते, पकड येणारच नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिले. लग्न ठरलेलं असताना स्वतःच ते मोडायला निघालेला माणूस मी जन्मात बघितला नव्हता. तेही नटाच्या आट्यांवरून! क्वालिटीच्या माणसाला चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"मानसाला काय आटे असत्यात का?" शेठ भडकले.

"मग माणसाला ग्रेड तरी असतो का?"

"म्हंजी जमत न्हाई म्हनतोस?"

"तुमच्या हिशोबानं नाही जमत," तो शांतपणे म्हणाला. "चूक ती चूक शेठ."

"तू माजी चूक काडतो? चार-सहा हायेस तू!"

"चार-सहा असलो तरी आटे जाणारच."

दोघं एकमेकांकडे सरकत सरकत अगदी नाकाला नाक लागेपर्यंत आले. शेठ एक उदाहरण द्यायचे, हा ते खोडायचा. शेठनी आवाज चढवला, यानं चढवला नाही पण एक इंचही मागे हटला नाही. आणि मग शेठचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. त्यांनी मांडीवर जोरात थाप मारली.

"ह्यो चार-सहा न्हाईच! आरं, आटवडाभर मला फशिवलंस की. वाकतोय वाकतोय वाटलं, आन् आज ऐन येळेला बग कसा उबा ऱ्हायला. बारा-नऊ हाय ह्यो, बारा-नऊ!" दिलेला ग्रेड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मागे घेतला होता आणि त्यांना त्याचा केवढा आनंद झाला होता. ते काकींना सांगत होते, आईला सांगत होते, भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगत होते.

बाबांनी हात वर केला. "शेठ, माझं डोकं चालंना झालंय. आत्ताच तुम्ही म्हनले, दोघं कडक असते तर नाही म्हनलो असतो."

शेठची थाप हवेतच थांबली.

"मऊ असला तर आटे जातात," बाबा बोटांवर मोजत म्हणाले. "कडक असला तर अचानक तुटतंय. मंग नाहीच की. मी कळवतो अंबाजोगाईला." ते खरंच उठले आणि खिशात मोबाइल चाचपायला लागले. बाबांची त्यात काही चूक नव्हती. त्यांनी शेठवर भार टाकला होता आणि शेठच्या शास्त्रात माझ्यासाठी एकही वाट उरली नव्हती. मी शेठकडे बघितलं, त्यानंही बघितलं. शेठ तोंड उघडत होते, मिटत होते.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या काकी बोलल्या. "अवं, येक इचारू का?"

"आत्ता नगं."

"आत्ताच. आपल्या लगनाच्या वक्ताला माजा ग्रेड काय काडला हुता तुमी?"

शेठनी कप उचलला. तो वादाच्या भरातच रिकामा झाला होता, तरी त्यातून एक घोट घेतला.

"सांगा की. रस्त्यावरच्या कुत्र्याला बी आकडा दिलाय तुमी. माजा कोनता?"

"न्हाई बगितला," शेठ पुटपुटले.

"काय?"

"न्हाई बगितला म्हनलं." त्यांचे कान लालबुंद झाले होते. साठीच्या पुढचा तो धिप्पाड माणूस आमच्या सतरंजीच्या कडेचे धागे ओढत होता. "तू दारातनं पान्याचा तांब्या घिऊन आलीस. निळं लुगडं हुतं. मंग ग्रेड बगायचं ध्यानातच न्हाई ऱ्हायलं."

काकी भिंतीकडे तोंड करून पदरानं डोळे पुसायला लागल्या.

बाबा मोबाइल हातात धरून उभेच होते. त्यांनी शेठकडे बघितलं, काकींकडे बघितलं, मग बराच वेळ आईकडे बघितलं. आई लाजून उगाचच कप गोळा करायला लागली. बाबांनी मोबाइल परत खिशात टाकला आणि खाली बसले.

"मंग शेठ," ते म्हणाले, "आम्ही तरी कशाला बघावं? जाऊ द्या ते आकडे. अगं, साखर आन गं आतून."

मी हसत होते का रडत होते मला सांगता येणार नाही, बहुतेक दोन्ही. आई साखरेचा डबाच घेऊन आली, वाटी घ्यायचं तिला सुचलं नाही. शेठनी त्याच्या तोंडात मूठभर साखर कोंबली आणि त्याला मिठी मारली. त्या मिठीतूनच, साखरेनं भरलेल्या तोंडानं, त्याचा आवाज आला, "पण शेठ, ते नटाचं तेवढं..."

मी सगळ्यांदेखत पुढे झाले आणि अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावून त्याच्या पायावर पाय दिला.